सुट्या भागांची सायकल

जुन्या सायकलीचे भाग काढून दुसरी सायकल उभी करण्याचे काम वरकरणी काटकसरीचे दिसते, परंतु त्याचे यश पैशापेक्षा मापांवर अवलंबून असते. कारण एका सांगाड्यातून निघालेला भाग दुसऱ्यात बसेल की नाही, हे शेवटी दहा-वीस वर्षांच्या अंतराने काम करणाऱ्या दोन कारखान्यांनी एकच माप पाळले होते की नाही, यावर ठरते. डबा लावून कामावर जाणाऱ्या माणसाची काळी सायकल या कसोटीला सहज उतरते. तिच्या पुढच्या चाकाच्या ३२ आणि मागच्या चाकाच्या ४० तारा, कॉटर पिनने आवळलेला तिचा क्रँक आणि तिच्या चाकांचा व्यास ही सारी मापे ब्रिटिश काळापासून इतकी स्थिर राहिली आहेत की, आजोबांच्या सायकलीची रिम नातवालाही उपयोगी पडते. डोंगरी सायकलीचे तसे नाही. त्यातही जिच्या दोन्ही चाकांना धक्के शोषण्याची योजना असते, जिला जाणकार ‘फुल सस्पेन्शन’ आणि बाजारातली माणसे ‘डबल शॉकअप’ म्हणतात, ती सायकल सर्वांत अवघड ठरते. कारण तिची फ्रेमसुद्धा एकसंध नसते. पुढचा त्रिकोण आणि मागचे चाक धरणारी भुजा हे दोन स्वतंत्र भाग पिव्हटवर, म्हणजे बिजागरीसारख्या सांध्यांवर फिरतात आणि त्यांच्यामध्ये शॉकअप बसवलेला असतो.

या सायकलीच्या घराण्याचा उगमच मोडीत निघालेल्या सायकलींतून झाला, ही गोष्ट या कामाचा विचार करताना प्रथम ध्यानात घ्यावी लागते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्याच्या काही तरुणांनी माउंट टॅमलपाइस या डोंगराच्या कच्च्या वाटा उतरण्यासाठी श्विन कंपनीच्या १९३० ते १९५० च्या दरम्यानच्या जाड टायरांच्या सायकली अडगळीतून मिळवल्या, त्यांचे मडगार्ड उतरवले आणि त्यांवर मोटारसायकलींचे ब्रेक-लिव्हर व लांब पल्ल्याच्या सायकलींचे गिअर चढवले. २१ ऑक्टोबर १९७६ पासून तेथे भरू लागलेल्या उताराच्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव मिळाले ते ग्रीसमुळे. पायडल उलटे दाबून लागणाऱ्या ब्रेकच्या हबमधले ग्रीस एका उतारात जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवी फ्रेम बांधली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली आणि १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा हवा व तेल यांवर चालणारा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा फोर्क, बाजारात आला. एवढे बदल होऊनही चाकाचे माप मात्र भंगारातल्या त्या श्विनचेच राहिले. टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास ५५९ मिलिमीटर, म्हणजे बाजारातला ‘२६ इंची’, हे माप कोणत्याही प्रयोगशाळेने ठरवलेले नव्हते. हाताशी ज्या रिम होत्या त्यांनी ते ठरवले आणि जगभरच्या डोंगरी सायकली त्यावर तीस वर्षांहून अधिक काळ चालल्या. तेव्हा जुन्या भागांतून डोंगरी सायकल उभारणारा माणूस या सायकलीच्या मूळ परंपरेतच वावरत असतो.

हे काम हैदराबादच्या दिलसुखनगरात कसे घडू शकते, हे पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. शहराच्या आग्नेय भागात, विजयवाड्याकडे जाणाऱ्या महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा भाग कोचिंग क्लास, वसतिगृहे, कापडाची दुकाने आणि साईबाबांचे मंदिर यांसाठी ओळखला जातो, आणि सप्टेंबर २०१८ पासून त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावते आहे. मराठी वाचकाला हैदराबाद परके नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे याच राजधानीशी जोडलेले होते. वर्ष-दोन वर्षे शिकून निघून जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वस्तीत सायकली मागे राहतात. जिन्याखाली, गच्चीवर, पार्किंगच्या कोपऱ्यात, टायर बसलेल्या आणि चेन गंजलेल्या अवस्थेत. शिवाय गुरुवारचा जुमेरात बाजार आणि एर्रगड्ड्याचा रविवारचा बाजार या दोन्ही ठिकाणी जुन्या वस्तूंचा व्यवहार चालतो, तर सिकंदराबादच्या राणीगंजात बेअरिंगपासून नट-बोल्टपर्यंत कारखानी मालाची दुकाने ओळीने आहेत. युरोप-अमेरिकेतील डोंगरी सायकलींच्या कारखान्यांनी २६ इंची चाक २०१० नंतर जवळजवळ सोडून दिले, परंतु भारतात ‘२६ टी’ या नावाने ते आजही सर्वसामान्यांच्या सायकलीचे माप आहे. त्यामुळे तिकडे कालबाह्य समजल्या जाणाऱ्या सायकलीची ट्यूब येथे कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळते.

अशी सायकल येथे का हवी, याचे उत्तर जमिनीत आहे. हैदराबाद ज्या ग्रॅनाइटवर वसले आहे तो सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा असून, त्याच्या गोलसर शिळांच्या रक्षणासाठी १९९६ मध्ये शहरात एक संस्थाच स्थापन झाली. या खडकाची झीज होऊन बनलेला भरड मुरूम टायरखालून गोट्यांप्रमाणे सरकतो आणि मधूनच उघडा पडलेला कातळ चाकाला एकदम वर फेकतो. शहराच्या पश्चिमेला विकाराबादजवळ असलेल्या अनंतगिरीच्या डोंगरांत, जेथे मुसी नदी उगम पावते, तेथील वाटांवर पुढचे चाक शिळेवर चढत असतानाच मागचे चाक खड्ड्यात असते. मागची भुजा जमिनीचा चढउतार पाहून हलली तरच टायर जमिनीला धरून राहतो; आणि जमिनीला न टेकलेल्या चाकाला ब्रेकही लागत नाही आणि गतीही मिळत नाही. शॉकअपचे प्रमुख प्रयोजन त्यामुळे पकड हे आहे. बसणाऱ्याला मिळणारा आराम हा त्याचा दुय्यम लाभ होय.

जुनी सायकल उलगडताना पहिले काम परीक्षणाचे असते, आणि ते परीक्षण भावनेला बाजूला ठेवून करावे लागते. चेनपासून आरंभ करणे सोयीचे, कारण तिचे माप सर्वांत प्राचीन आहे. दोन पिनांमधले अर्ध्या इंचाचे अंतर काळ्या सायकलीपासून बारा गिअरांच्या सायकलीपर्यंत एकच आहे. बदलली ती फक्त रुंदी. चांगल्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात, आणि तेच अंतर एक अष्टमांश इंचाने वाढलेले आढळले तर ती चेन संपली असे समजावे. तिच्याबरोबर मागचे दातेरी चक्रही बहुधा झिजलेले असते, कारण लांबलेली चेन दातांना आपल्या मापाने खात जाते. हँडल, सीटपोस्ट आणि क्रँक हे भाग दिसायला धडधाकट असले तरी ॲल्युमिनियमचे असल्यास अधिक शंकेने तपासावे लागतात. पोलादाला ताणाची एक अशी मर्यादा असते की तिच्या आत राहिलेले धक्के त्याला व्यवहारतः कितीही वेळा सोसता येतात. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते आणि प्रत्येक लहान धक्का त्याच्या आयुष्यातून थोडा थोडा वजा होत राहतो. म्हणून फ्रेमवर वेल्डिंगच्या कडा, डोक्याची नळी आणि शॉकअपची बैठक येथील रंगात केसाएवढी रेघ दिसली, तर ती पुसून, भिंग लावून पाहणे आवश्यक ठरते. ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून पुन्हा कडक केलेली असते. रस्त्यावरच्या वेल्डिंगने तो कडकपणा सांध्यापाशीच नाहीसा होतो, आणि असा जोड वरून कितीही पक्का दिसला तरी उतारावर प्राणघातक ठरू शकतो. तडा गेलेली फ्रेम भंगारात देणे हाच त्या बाबतीतला योग्य निर्णय आहे.

परीक्षणानंतर मापांचा प्रश्न येतो, आणि येथे सायकलीच्या इतिहासाचा एक अनपेक्षित धागा दिलसुखनगरच्या शेजारून जातो. खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या बाजूने मराठ्यांशी लढलेला फ्रेंच सेनानी मिशेल रेमाँ याने हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखाना उभारला; १७९८ मध्ये तो मरण पावला आणि दिलसुखनगरजवळच्या टेकडीवर त्याची समाधी आहे. तोफेची नळी आणि तिचा गोळा यांचा व्यास जुळला नाही तर दोन्ही निरुपयोगी होतात, हा शस्त्रशाळेतला जुना नियम होता. त्याच गरजेतून पुढे कोणताही भाग कोणत्याही बंदुकीत बसला पाहिजे ही कल्पना युरोपात रुजली. १८६१ मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी यंत्राने शस्त्रे बनवण्यासाठी ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ ही कंपनी काढली आणि पुढे तिने हीच शिस्त सायकलीच्या भागांना लावली. पायडलांचा दांडा ज्या नळीत फिरतो, त्या बॉटम ब्रॅकेटचे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ आटे असलेले माप आजही तिच्याच नावाने, ‘बीएसए’ म्हणून ओळखले जाते; भारतात हे नाव टीआय सायकल्सच्या सायकलींमुळे घरोघरी पोहोचले. या मापात चेनच्या बाजूचा आटा उलटा असतो. हे ठाऊक नसलेला कारागीर तो सैल करण्याच्या समजुतीने आणखी आवळतो आणि नळीचे आटे खराब करून बसतो. ज्या जुन्या फ्रेमला ही बीएसए नळी आहे, तिला गेल्या कित्येक दशकांतला जवळजवळ कोणताही क्रँक बसवता येतो. ज्या नव्या फ्रेमने आटे सोडून दाबून बसवायच्या बेअरिंगचा मार्ग धरला, तिला अनेक परस्परविरोधी मापांतून आपले माप शोधावे लागते.

मागच्या हबची कथाही अशीच आहे. मागच्या भुजेच्या दोन टोकांमधले अंतर डोंगरी सायकलीत बराच काळ १३५ मिलिमीटर होते. नंतर आरपार जाणाऱ्या जाड ॲक्सलसाठी ते १४२ झाले आणि २०१५ च्या सुमारास ‘बूस्ट’ या नावाने १४८ झाले. पहिल्या दोहोंत मेळ घालता येतो, कारण अनेक हबांची टोके बदलून १३५ चा हब १४२ च्या फ्रेमला लावता येतो; परंतु १४८ पाशी चेनची रेषा आणि डिस्कची जागा सरकते. पुढच्या चिमट्याचा दांडा पूर्वी वरपासून खालपर्यंत २८.६ मिलिमीटरचा असे, आता तो खाली दीड इंचापर्यंत फुगत जातो. यातून एकतर्फी नाते तयार होते: डोक्याच्या नव्या रुंद नळीत जुना सरळ दांडा कड्याच्या साहाय्याने बसतो, पण जुन्या अरुंद नळीत नवा चिमटा काही केल्या शिरत नाही. म्हणून जुन्या सायकलीचे भाग नव्या फ्रेमवर चढवण्याचा मार्ग सामान्यतः उलट मार्गापेक्षा सुकर असतो. डिस्क ब्रेक या प्रसंगी मोठे सहकार्य करतात. रिमवर दाबणारे ब्रेक चाकाचा व्यास बदलताच निकामी होतात, तर डिस्क हबला बांधलेली असल्याने चाक २६ इंची असो वा साडेसत्तावीस, तिच्या कामात फरक पडत नाही. मात्र त्या ब्रेकमधले तेल ओळखल्याशिवाय भरू नये. काही कंपन्या खनिज तेल वापरतात, काही मोटारींतले डॉट वर्गाचे तेल. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरी सीले फुगतात आणि ब्रेक ऐन वेळी हात सोडतो.

या सर्वांहून सूक्ष्म काम शॉकअपचे आहे, कारण त्यात दोन भिन्न कार्ये एकत्र नांदतात. स्प्रिंग, मग ती पोलादाची असो वा कोंडलेल्या हवेची, धक्क्याची ऊर्जा साठवते. डॅम्पर, म्हणजे बारीक छिद्रांतून तेल ढकलणारी यंत्रणा, ती ऊर्जा उष्णतेत बदलून नाहीशी करते. भारतात शाळकरी मुलांसाठी विकल्या गेलेल्या कित्येक स्वस्त डबल-शॉकअप सायकलींत नुसती स्प्रिंगच असते. त्यामुळे त्या प्रत्येक पायडलागणिक पाळण्यासारख्या झुलतात आणि मुलाची बरीच मेहनत त्या झुलण्यात जाते. अशा सायकलीचा शॉकअप चांगल्या फ्रेमला लावणे व्यर्थ होय. खऱ्या शॉकअपची दोन मापे असतात: दोन्ही टोकांच्या बोल्टांच्या भोकांमधली लांबी आणि आतला दांडा किती दबतो ती चाल. समजा, एखादी फ्रेम मागच्या चाकाला १४० मिलिमीटर हालचाल देते आणि तिचा शॉकअप २०० मिलिमीटर लांबीचा व ५७ मिलिमीटर चालीचा आहे. तर चाक आणि शॉकअप यांच्यातले प्रमाण सुमारे अडीचास एक पडते, म्हणजे चाकावरच्या भाराच्या अडीचपट भार शॉकअप वाहतो. लांबी तीच पण चाल अधिक असलेला जुना शॉकअप तेथे बसवला, तर तो बसतो खरा, पण पूर्ण दबल्यावर टायर सीटच्या नळीवर आदळतो. लांबी जुळली म्हणजे भाग जुळला, असे समजणाऱ्याची येथे फसगत होते.

पिव्हटची बेअरिंगे मात्र या कामातला सुखद भाग आहेत. ती सायकल-कंपनीच्या नावाने महाग विकली जात असली तरी बहुतेक वेळा तिच्या खास मालकीची नसतात; त्यांच्या कडेवर ६९०२ किंवा ६००१ असा अंक कोरलेला असतो आणि तो जगभर एकच अर्थ सांगतो. ६९०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८ आणि जाडी ७ मिलिमीटर. असे बेअरिंग राणीगंजातल्या दुकानात विद्युत मोटरीसाठी ठेवलेले असते, त्याला डोंगरी सायकलीची कल्पनाही नसते आणि तरीही ते तिच्यात चपखल बसते. चिमट्यातले तेल आणि सीले बदलण्याचे काम समजावून दिल्यास मोटारसायकलीचा मिस्त्रीही नीट करू शकतो, कारण तत्त्व तेच आहे. मागच्या शॉकअपचा हवेचा भाग उघडून त्यातली रबरी कडी बदलणे घरीही साधते. परंतु ज्या कप्प्यात उच्च दाबाचा नायट्रोजन भरलेला असतो, तो योग्य साधनांवाचून उघडू नये. शेवटी दाब ठरवण्यासाठी स्वार नुसता सीटवर बसला असता शॉकअप आपल्या चालीच्या सुमारे २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. ५७ मिलिमीटर चालीत हे दबणे १४ ते १७ मिलिमीटरच्या दरम्यान येते. हे माप त्या सायकलीवर बसणाऱ्या माणसाच्या वजनाचे असल्याने कारखान्याला ते देता येत नाही.

अशा रीतीने उभी राहिलेली सायकल जुनी म्हणावी की नवी, हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही. पुण्याच्या कर्वेनगरात २०१७ मध्ये सुरू झालेल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांच्या घडीच्या सायकलीसारखे नमुने आपापल्या काळाच्या भागांसह जपलेले आहेत. तेथे निष्ठा काळाशी आहे. १९४० च्या सायकलीला आजचा ब्रेक लावणे हा तिच्यावरचा अन्याय ठरेल. डोंगरी सायकल पुन्हा जुळवणाऱ्याची निष्ठा कार्याशी असते. ज्या भागाने उतारावर विश्वास द्यायचा, तो कोणत्या सालचा हे त्याच्या दृष्टीने गौण आहे. दोन्ही निष्ठा आदरणीय आहेत, परंतु त्यांची सरमिसळ झाली की काम बिघडते: आठवणीखातर झिजलेला ब्रेक ठेवणारा स्वार धोका पत्करतो आणि सोयीखातर दुर्मीळ भाग बदलणारा संग्राहक इतिहास गमावतो. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की, रथ म्हणजे त्याचा आस आहे की चाके आहेत की जू आहे; आणि एकही भाग रथ नसून त्यांच्या मेळाला रथ हे नाव व्यवहाराने मिळते, असे उत्तर निघते. साध्या सायकलीबाबत ‘फ्रेम म्हणजेच सायकल’ असे म्हणून हा प्रश्न टाळता येतो, पण जिची फ्रेमच दोन भागांची आहे त्या सायकलीबाबत ती पळवाटही उरत नाही. तिची ओळख तिच्या जुळणीत आहे, आणि ती जुळणी ज्याने केली त्याच्या विवेकाचा त्यात वाटा आहे.

म्हणून या कामाकडे पैसे वाचवण्याचा उपाय किंवा हौशी माणसाचा छंद एवढ्याच दृष्टीने पाहणे अपुरे आहे. सर्वांनी पाळलेले माप ही सार्वजनिक मालमत्ता असते. ते असेपर्यंत गल्लीतला मिस्त्री, बेअरिंगचा दुकानदार आणि विद्यार्थी एकाच यंत्राच्या आयुष्याला हातभार लावू शकतात, आणि ते मोडले की चांगले भागही एकटे पडतात. नवी मापे सर्वस्वी निष्कारण आली असे नाही. रुंद हबने चाक अधिक ताठ झाले, फुगीर दांड्याने चिमटा अधिक बळकट झाला. परंतु प्रत्येक नव्या मापाबरोबर जुन्या मापाचे भाग किती वर्षे मिळत राहतील, याची हमी देण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर असायला हवी. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही त्यातली मुख्य क्षेत्रे होती. सायकलीचेही नाव त्या यादीत स्पष्टपणे असावे, कारण भारतातल्या कोट्यवधी माणसांचे ते पहिले आणि अनेकदा एकमेव वाहन आहे.

तोपर्यंत वाचकांच्या हाती असलेले काम लहान आहे, पण त्याचा उपयोग मोठा आहे. जिन्याखाली पडलेली सायकल किलोच्या भावाने देण्यापूर्वी तिच्या हबचे, सीटपोस्टचे, डोक्याच्या नळीचे आणि शॉकअपचे माप व्हर्निअरने घेऊन लिहून ठेवावे. तडा गेलेले सोडून द्यावे, झिजलेले बदलावे आणि उरलेले ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोहोचवावे. नवी सायकल घेताना तिच्या रंगाआधी तिची मापे विचारावीत, आणि जी कंपनी ती सांगत नाही तिची सायकल घेऊ नये.